बशीतला अर्धा चहा

रोजे धरले की भूक-तहान सोसता येते. जीव कासावीस होतो तो दुपारी चारच्या चहासाठी! हे सुख आपल्याला पिढीजात वाटते, पण ते तसे नाही. आसामात चहाचे मळे उभे राहिले ते १८३० नंतर, आणि तो चहा जायचा विलायतेला. १९०३ साली चहावर उपकर बसला. त्या पैशातून पुढे इथल्या माणसाला चहाची गोडी लावली गेली. रेल्वेच्या फलाटांवर किटल्या आल्या. पण हाका दोन होत्या : ‘हिंदू चाय’, ‘मुसलमान चाय’. पत्ती तीच, दूध तेच, किटल्या वेगळ्या. दलितांसाठी तर कपबशीच निराळी, तीही बाहेर ठेवलेली.

मुंबईच्या इराणी हॉटेलांत मात्र शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, हे सहसा कोणी विचारत नसे. चहाने शहराला लावलेली ही सवय मला चहाहून मोलाची वाटते.

माझा एक मित्र आजही न विचारता अर्धा चहा बशीत ओततो आणि बशी माझ्याकडे सरकवतो. एक वेळ चहा सुटेल. ती बशी सुटायची नाही.