युद्धाची थकबाकी

२३ एप्रिल १९७१. वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या पायऱ्यांपाशी लाकूड आणि तारेचं एक कुंपण उभं होतं. आंदोलकांना अडवण्यासाठी ते घातलेलं होतं. व्हिएतनाममधून परतलेले सुमारे आठशे माजी सैनिक त्याच्यासमोर रांगेत उभे राहिले. एकेक जण माइकपाशी येई, कोणी स्वतःचं नाव सांगे, कोणी मेलेल्या मित्राचं, आणि मग युद्धात मिळालेलं पदक, फीत, प्रमाणपत्र, जे काही असेल ते कुंपणापलीकडे भिरकावून देई. त्यांतले काही व्हीलचेअरवर होते, काही कुबड्यांवर.

व्हिएतनाम युद्धाविरोधी चळवळीचं हे दृश्य आजही माहितीपटांमधून दिसतं. पण या सैनिकांनी केलेलं जास्त टिकाऊ काम कॅमेऱ्यासमोर झालं नाही. ते झालं संघटनेच्या लहानशा ऑफिसात, रुग्णालयांच्या वॉर्डांत आणि सरकारी फॉर्मांच्या रकान्यांत. पुढची गोष्ट मुख्यतः त्या कामाची आहे.

'व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर' ही संघटना १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. त्या वर्षी १५ एप्रिलला निघालेल्या शांतता मोर्च्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माजी सैनिक एकत्र चालले. त्यांच्यापैकी जॅन बॅरी याने पुढाकार घेऊन जूनमध्ये संघटना उभी केली. तोवर युद्धाला विरोध करणाऱ्यांना एक ठरलेलं उत्तर मिळे: तुम्ही कुठे गेला होता लढायला? हे लोक गेले होते, त्यामुळे ते उत्तर इथे चालेना.

तरीही ही संघटना सगळ्या सैनिकांच्या वतीने बोलत होती, असं म्हणता येणार नाही. व्हिएतनाममध्ये जवळपास २७ लाख अमेरिकी सैनिक जाऊन आले, आणि संघटना भरात असतानाही सदस्य वीस-पंचवीस हजारांच्या घरातच होते. माजी सैनिकांच्या जुन्या, बड्या संघटना युद्धाच्या बाजूने उभ्या होत्या. स्वतःच्याच बिरादरीतून 'गद्दार' हा शब्द ऐकायची तयारी ठेवून ही पोरं आली होती. बहुतेकांचं वय विशीतलं. मी आज आहे त्याहून लहान.

१९७१च्या जानेवारीअखेर डेट्रॉइटमधल्या एका हॉटेलात शंभराहून अधिक माजी सैनिकांनी तीन दिवस साक्षी दिल्या: आपण काय पाहिलं आणि काय केलं. वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. सिनेटर मार्क हॅटफिल्ड यांनी त्या साक्षी संसदेच्या नोंदींत घातल्या. काही साक्षींच्या खरेपणावर नंतर वादही झाले.

एप्रिलमध्ये हीच मंडळी वॉशिंग्टनला आली. लाओसच्या सीमेवर आणि पलीकडे झालेल्या दोन लष्करी मोहिमांचं नाव होतं 'ड्यूई कॅन्यन'. यांनी आपल्या आंदोलनाला 'ड्यूई कॅन्यन तीन' म्हटलं आणि तिची व्याख्या केली संसदेच्या प्रदेशात केलेली मर्यादित घुसखोरी. लष्कराची भाषा लष्करावरच उलटवली. कॅपिटॉलसमोरच्या मैदानात तळ पडला. सरकार कोर्टात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तिथे झोपायला मनाई केली. जागं राहिलात तर अटक नाही, अशी तडजोड पुढे आली. सैनिकांनी मतदान घेतलं: ४८० विरुद्ध ४००, झोपायचं. सगळे झोपले. पोलिसांनी कोणाला हात लावला नाही.

का लावला नाही, हे समजायला १९३२ साली जावं लागतं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना बोनस कबूल झाला होता, पण तो हातात पडणार होता १९४५ साली. मंदीत पोट जाळायला हजारो बेकार माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला आले आणि झोपड्या घालून राहिले. २८ जुलैला पोलिसांच्या गोळ्यांनी दोघांचा जीव गेला. मग जनरल मॅकआर्थरच्या सैन्याने अश्रुधूर सोडून तळ उठवला, झोपड्या जळाल्या. त्या वर्षी निवडणूक होती आणि राष्ट्राध्यक्ष हूव्हर ती हरले. बोनस अखेर १९३६ साली मंजूर झाला, तोही रूझवेल्ट यांचा नकाराधिकार ओलांडून. आपल्याच माजी सैनिकांवर सैन्य घालणं कसं दिसतं, हे वॉशिंग्टनला ठाऊक होतं.

तळ पडलेला असतानाच २२ एप्रिलला जॉन केरी हा सत्तावीस वर्षांचा माजी नौदल अधिकारी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे बोलला. एका चुकीपायी मरणारा शेवटचा माणूस हो, असं कोणाला कसं सांगायचं, हा त्याचा प्रश्न गाजला. त्याच निवेदनात तो रुग्णालयांतल्या हेळसांडीबद्दल आणि बेकारीबद्दलही बोलला होता. तो भाग मागे पडला. पण संघटनेच्या दृष्टीने युद्ध थांबवणं आणि परतलेल्यांची निगा राखणं या दोन वेगळ्या मागण्या नव्हत्या.

माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांची अवस्था १९७० सालीच 'लाइफ' साप्ताहिकाने छापली होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं रुग्णालय, दाटीवाटीचे वॉर्ड, घाण, कर्मचाऱ्यांची टंचाई. रॉन कोविक हा छातीखाली लुळा झालेला सैनिकही याच रुग्णालयात राहिला होता. त्याने पुढे लिहिलेल्या आत्मकथनावर 'बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै' हा सिनेमा निघाला. १९७४ साली कोविक आणि त्याचे साथीदार लॉस एंजेलिसमध्ये सिनेटर क्रॅन्स्टन यांच्या ऑफिसात उपोषणाला बसले. ते बरेच दिवस चाललं. माजी सैनिक खात्याचे प्रमुख डोनाल्ड जॉन्सन यांना विमानाने तिथे यावं लागलं आणि त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं.

मनाच्या जखमांचा प्रश्न याहून अवघड होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९५२च्या अधिकृत सूचीत युद्धासारख्या आघाताने येणाऱ्या त्रासाची एक नोंद होती. १९६८च्या सुधारित सूचीतून ती गळली, नेमकी व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना. ज्याने फॉर्म बनवले आहेत त्याला याचा अर्थ लगेच कळेल. यादीत पर्याय नसेल तर माणूस जवळचा कुठला तरी पर्याय निवडतो. १९६९ साली बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात एका सैनिकाने आपल्या तुकडीने केलेल्या कत्तलीची हकिगत सांगितली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याला भ्रमिष्ट ठरवलं. सॅरा हेली या समाजसेविकेने मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला. तो माय लाय गावाबद्दल बोलत होता, आणि ती कत्तल जगाला कळायची होती.

१९७०च्या अखेरीस संघटनेने रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शटान या मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं आणि न्यूयॉर्कच्या ऑफिसात गटचर्चा सुरू झाल्या. अटी सैनिकांनी घातल्या. इथे डॉक्टर आणि पेशंट असा भेद नाही. सैनिक बोलणार, तर डॉक्टरांनाही स्वतःबद्दल बोलावं लागणार. त्यातून जे दिसलं त्यावर शटान यांनी १९७२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं. पुढे लिफ्टन, शटान, हेली आणि काही माजी सैनिकांनी अनेक केसेस जमवून सूची करणाऱ्यांशी वर्षानुवर्षं वाद घातला. १९८०च्या आवृत्तीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर' ही नोंद आली. त्याआधी १९७९ साली सैनिकांसाठी गल्लीबोळांतली समुपदेशन केंद्रं उघडण्याचा कायदा झाला होता. रुग्णालयापासून लांब, साध्या दुकानवजा जागांतली ही केंद्रं त्या गटचर्चांचंच सरकारी रूप होतं.

आज बलात्कार, अपघात, भूकंप यांतून वाचलेल्यांनाही हे निदान लागू होतं. काही सैनिकांनी बसून एकमेकांशी बोलायचं ठरवलं, त्याचा इतका दूरवर उपयोग झाला. पण यात काही निसटलंही. गटचर्चेतले सैनिक म्हणत होते की आमच्याकडून जे करवून घेतलं गेलं त्याने आम्ही असे झालो. सूचीत आल्यावर तो आजार झाला, त्यावर औषध आणि भत्ता मिळू लागला, आणि 'करवून घेतलं कोणी' हा प्रश्न रकान्याबाहेर राहिला.

एजंट ऑरेंजच्या बाबतीत तर हे लख्ख दिसतं. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने व्हिएतनामवर सुमारे ७ कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली, त्यात सर्वांत जास्त वाटा डायॉक्सिनमिश्रित एजंट ऑरेंजचा. शिकागोच्या सरकारी कार्यालयातल्या मॉड डिव्हिक्टर यांना १९७७ साली आजारी सैनिकांच्या अर्जांत एक धागा दिसला. खटले झाले. १९८४ साली सात रसायन कंपन्यांनी १८ कोटी डॉलरची तडजोड केली. १९९१च्या कायद्याने काही आजारांचा या रसायनाशी संबंध गृहीत धरला, म्हणजे प्रत्येक सैनिकाला पुरावा देत बसायला नको. ज्यांच्या शेतांवर आणि घरांवर ती फवारणी झाली त्या व्हिएतनामी माणसांनीही अमेरिकेत दावा लावला. २००५ साली तो फेटाळला गेला. न्यायाधीश तेच, १९८४ची तडजोड घडवणारे जॅक वाइनस्टीन.

ही मर्यादा काही माजी सैनिकांनी ओळखली होती. व्हीलचेअरवरून घोषणा देणारा बॉबी म्युलर पुढे भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्या मोहिमेला १९९७ साली शांततेचं नोबेल मिळालं. भूसुरुंग शत्रूचा पाय आणि गुराख्याचा पाय यांत फरक करत नाही. तिथे 'आपला जखमी' आणि 'त्यांचा जखमी' असे वेगळे रकाने ठेवताच येत नाहीत.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एक गोष्ट लवकर शिकवतात: सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा ते पुढची वर्षं सांभाळण्याचा खर्च मोठा असतो, आणि कोटेशन देताना नेमका तोच लपवला जातो. युद्धांचं तसंच आहे. हार्वर्डच्या लिंडा बिल्म्स यांनी मांडलेला हिशेब असा: पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अपंगत्व भत्त्यावर सर्वाधिक खर्च झाला तो १९६९ साली, युद्ध संपल्यावर पन्नास वर्षांनी. संरक्षण खर्चाची चर्चा होते ती रणगाडे, विमानं, क्षेपणास्त्रं यांची. पन्नास वर्षांनंतरची औषधं, कृत्रिम पाय, विधवांची पेन्शन त्या आकड्यात धरलेली नसते.

अमेरिकी यादवी युद्ध १८६५ साली संपलं. त्यात लढलेल्या एका सैनिकाला म्हातारपणी मुलगी झाली. तिला सरकारकडून त्या युद्धाचं पेन्शन मिळे, महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट. ती २०२० साली वारली, तेव्हा ते खातं बंद झालं.