गळ्यात, खांद्यावर की मनगटाला? छोट्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याची गोष्ट

आजचा भाग छोटाच आहे. विषय ऐकून हसाल: कॅमेऱ्याचा पट्टा. पण याच पट्ट्यापायी एकदा माझा जीव जाता जाता राहिला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

2014 साल. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला ट्रेनी होतो. शॉपवर मोबाईल न्यायला बंदी. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाला, वाळू अडकली, की फोटो काढायला खात्याचा एक छोटा डिजिटल कॅमेरा होता. मी तो लांब पट्ट्याने गळ्यात अडकवून रुबाबात हिंडायचो. एकदा चालू लेथवरच्या जॉबचा फोटो घ्यायला वाकलो आणि पट्टा लोंबत फिरत्या चकजवळ गेला. शेजारच्या मशीनवरच्या मामांनी कॉलर धरून मला मागं खेचलं. म्हणाले, "गळ्यात माळ घालून मशीनवर वाकतोस व्हय रं? उद्या तुझाच फोटो हार घालून लावला असता की!"

त्या रात्री झोप लागली नाही. आणि एक प्रश्न डोक्यात बसला: कॅमेरा गळ्यात घालायचा, हे ठरवलं कुणी?

आपल्या कोल्हापूरच्या पहिल्या कॅमेऱ्याला तर पट्ट्याची गरजच नव्हती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवायचं मनावर घेतलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. 1920 चा 'सैरंध्री' त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचाच. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण रोज गाडीवरून बघतो, तो याचीच आठवण. धातू कापून, घासून, जुळवून वस्तू बनवायची ही खोड पुढं उद्यमनगरात दिसते, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात दिसते. पण तो कॅमेरा उभा राहायचा तिपाईवर. वजन तिपाईचं, माणूस मोकळा.

कॅमेरा माणसाच्या अंगावर आला तो लहान झाल्यावर. 1888 मध्ये अमेरिकेत कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला. शंभर फोटोंची फिल्म आत भरलेली, सोबत चामड्याची पिशवी, किंमत 25 डॉलर. मग 1925 मध्ये जर्मनीत लायपझिगच्या जत्रेत लायका आला. गंमत बघा, सिनेमाची जी 35 मिलिमीटरची फिल्म असते, तीच ऑस्कर बार्नाकनं मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात घातली. पण पहिल्या लायकाला पट्टा अडकवायला कडीच नव्हती! पट्टा असायचा चामड्याच्या कव्हरला. कॅमेऱ्याच्या अंगाला कड्या आल्या 1933 च्या लायका थ्रीला. म्हणजे आधी कॅमेरा लहान झाला आणि तो धरायचा कसा, हे माणसाला मागाहून सुचलं.

आपल्याकडं घरोघरी आठवतो तो बडोद्यात बनलेला आग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. आजोबांचा कॅमेरा चामडी कव्हरात, कव्हर खांद्याला, आणि कव्हरचं बटण उघडलं की पोरं लगेच रांगेत उभी! मग डिजिटल आले, दोनशे-तीनशे ग्रॅमचे. कित्येकांना एकाच बाजूला बारीक भोक. त्यात फक्त मनगटाची दोरी बसते.

मला सुटका दिली ती याच दोरीनं. चप्पल लाईनला एका कारागिराकडून चामड्याचा छोटा मनगटी पट्टा शिवून घेतला. पाच वर्षं मस्त चालला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मात्र त्याची हद्द कळली. शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेलेला. पाणी ओसरल्यावर चिखलीत मित्राच्या घराचे पंचनाम्यासाठी फोटो काढत दिवसभर चिखलात फिरलो. चामडं भिजलं, वाळून कडक झालं आणि शिलाईपाशी चिरलं. नशीब, कॅमेरा हातात असताना चिरलं. दुसऱ्या दिवशी साधी नायलॉनची दोरी बांधली. भिजली तरी संध्याकाळपर्यंत कोरडी.

तर मंडळी, कुठला पट्टा भारी, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, तू उभा कुठं राहणार?

फिरत्या मशीनजवळ असाल तर गळ्यात काही नको. मनगटाची दोरीसुद्धा मशीन बंद करूनच. आधी स्विच, मग फोटो. रंकाळ्यावर किंवा जोतिबाच्या यात्रेत गर्दी असते, तिथं छातीवरून तिरपा जाणारा पट्टा बरा, हात मोकळे राहतात. गळ्यातच घालायचा असेल तर झटका बसल्यावर आपोआप सुटणारं बक्कल बघा. पावसात चामडं नको, नायलॉन घ्या.

आणि पिशवी? फौंड्रीत चेनवाली, घट्ट बंद होणारीच. चुंबकाच्या बटणाची दिसायला छान, पण लोखंडाचा चुरा त्या चुंबकाला असा चिकटतो की विचारू नका. तोच चुरा आणि काळी वाळू आतबाहेर होणाऱ्या लेन्समध्ये गेली की लेन्स अडकलीच समजा. आठवड्यातून एकदा पिशवी उलटी करून झटका. एवढंच.

पुढं त्या मामांना मी पहिला फोटो दिला तो त्यांचाच, मशीनपाशी उभं राहून काढलेला. मशीन बंद होतं. त्यांनी फोटो नीट बघितला आणि पहिलं विचारलं, "पट्टा कुठाय रं?"

मी मनगट दाखवलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर जपून राहा!