सांधलेले देखावे आणि साक्षीचा प्रश्न

नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वरापुढे उभे राहिले म्हणजे भोवतीची झाडी, दीपस्तंभ, कौलारू छपरे व त्यांवरचा घुमट ही सर्व डोळ्यांस एकदम भेटतात. शिवछत्रपतींनी १६६८ साली ज्याचा जीर्णोद्धार करविला ते हे स्थान. कॅमेऱ्याच्या एका चौकटीत मात्र ते मावत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ओळीने चार-पाच चित्रे घेऊन ती कडेला कडा लावून सांधण्याची विद्या निघाली. तिचा इतिहास नुसता कौतुकाचा नाही. आपल्या देवस्थानांच्या हिताशीही त्याचा संबंध पोहोचतो, असे आमचे मत आहे.

या प्रकाराचे नाव छायाचित्रणाहून जुने आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने प्रेक्षकाला चोहोंकडून वेढणाऱ्या वर्तुळाकार चित्राचे पेटंट १७८७ साली घेतले. 'सर्व' व 'दृश्य' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून पुढे त्याला 'पॅनोरामा' हे नाव पडले. १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि कुंचल्याचे हे काम भिंगाकडे आले.

ते सोपे मात्र नव्हते. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप द्यावा, तो ओला असतानाच चित्र घ्यावे व लगेच धुवावे, असा नियम होता. पाच काचा होईपर्यंत ऊन सरके, सावल्या हलत, आणि एका आकाशाचे दोन रंग शेजारी शेजारी दिसत. इतके सायास करून फेलिस बियातो याने १८५८ साली लखनौचे सलग देखावे टिपले. बंडानंतरच्या उद्ध्वस्त शहराची ती साक्ष आजही बोलते.

पेडणेकरांस या इतिहासात आपले माणूसही सापडेल. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मूळचे मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर असून स्वतः नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे ही विद्या या देशात कोवळी असतानाच आपल्या मातीतील माणसांनी ती हाताळली होती.

विद्येचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. प्रत्येक चित्रात शेजारच्या चित्राचा सुमारे तिसरा हिस्सा पुन्हा यावा. प्रकाशाचे माप मध्येच बदलू नये. आणि कॅमेरा फिरवावा तो भिंगाच्या ठरावीक बिंदूभोवती, उभा राहणाऱ्याच्या टाचेवर नव्हे. हा शेवटचा नियम मोडला की दूरचा डोंगर जुळतो, पण जवळची वस्तू जागा सोडते.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. एका देवस्थानाच्या सीमेच्या वादात आमच्या पक्षकारांनी मोठ्या हौसेने एक लांबलचक सांधलेले चित्र आणले. त्यात एकच दीपस्तंभ दोन ठिकाणी उभा होता! प्रतिपक्षाच्या वकिलांनी विचारले, "दीपस्तंभ दोन, तर सीमेचे दगड किती?" मूळ सुटी चित्रे आमच्या पक्षकारांनी निरुपयोगी समजून टाकून दिली होती. चित्र मागे घ्यावे लागले. चूक आमचीही होती. मूळ चित्रे आम्ही आधीच मागावयास हवी होती.

आज संगणक हेच काम निमिषात करतो आणि सांधाही लपवतो. म्हणून जपणूक अधिकच हवी. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. परंतु प्रमाणपत्राने जोडकाम खरे ठरत नाही. ते खरे ठरते सुट्या मूळ चित्रांनी, आणि 'मी अमुक जागी, अमुक वेळी उभा होतो' असे सांगणाऱ्या माणसाने.

हे आताच सांगण्याचे कारण डोळ्यांसमोर आहे. शिरगाव, मये, लामगाव या डिचोलीच्या गावांत लोहखनिजासाठी डोंगर कापले गेले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. या गोष्टी चांगल्या की वाईट, हा वाद येथे नको. पण डोंगर एकदा गेला म्हणजे तो कसा होता हे केवळ वृद्धांच्या आठवणीवर उरते, आणि आठवण उलटतपासणीत फार वेळ टिकत नाही.

यास्तव प्रत्येक देवस्थानाने आवारात एक दगड कायमचा नेमावा. वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, तेथूनच चोहोंकडचा देखावा टिपावा, आणि सुटी चित्रे व सांधलेले चित्र ही दोन्ही दप्तरात ठेवावीत. खर्च एका समईच्या तेलाहून फार नाही. पूर्वजांनी देव वाचवले. देवाभोवतीचा डोंगर कसा होता, एवढे तरी आपण पुढच्यांच्या हाती द्यावे.