परदेशात शिफ्ट होताय? एमएच-२९ ची गाडी सोबत न्यायची, विकायची की घरीच ठेवायची?

व्हिसा आला, तिकीट काढलं, बॅगांचं वजन करून झालं. मग घरात कुणीतरी विचारतं, "आणि गाडीचं काय करायचं?"

यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेडमधून थेट परदेशात जाणारे असोत, नाहीतर आधी पुणे-हैदराबादला नोकरी करून मग पुढे जाणारे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. गाडी नवीन असते, हप्ते नुकतेच फिटलेले असतात आणि विकायला गेलं की मनासारखा भाव मिळत नाही. मग वाटतं, जहाजाने सोबतच नेली तर?

थोडक्यात उत्तर असं आहे: गाडी नेता येईल का, हे तुमच्या बजेटआधी तुम्ही जाताय त्या देशाचा कायदा ठरवतो. बहुतेकांसाठी उत्तर 'नको' असंच येतं. पण गाडी इथे ठेवली किंवा विकली म्हणजे विषय संपला, असंही नाही. आरसीवर तुमचं नाव राहिलं तर जबाबदारीही तुमचीच राहते.

कोणत्या देशात गाडी नेता येते?

पहिला मुद्दा स्टिअरिंगचा. आपल्याकडे ते उजवीकडे असतं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका इथेही तसंच. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि आखाती देशांत ते डावीकडे. पण स्टिअरिंग जुळलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. देशागणिक नियम पाहू.

अमेरिका: गाडी २५ वर्षांपेक्षा कमी जुनी असेल, तर ती अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार बनलेली असावी लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या त्या मानकांनुसार बनत नाहीत. गंमत म्हणजे आजोबांची १९९८ ची मारुती ८०० या वयाच्या अटीत बसते, पण तुमची तीन वर्षांची एसयूव्ही बसत नाही. तिथे कायमचं राहायला जाणाऱ्यासाठी विषय इथेच संपतो.

कॅनडा: नियम असाच, फक्त मर्यादा १५ वर्षांची. त्यापेक्षा नवी भारतीय गाडी तिथे नेऊन नोंदवता येत नाही.

दुबई आणि सौदी: संयुक्त अरब अमिरातीत उजव्या स्टिअरिंगच्या नेहमीच्या खासगी गाडीची नोंदणी होत नाही. सौदी अरेबियातही उजवं स्टिअरिंग चालत नाही आणि पाच वर्षांपेक्षा जुन्या कारच्या आयातीला बंदी आहे.

सिंगापूर: तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली कार आणता येत नाही. शिवाय तिथे गाडी रस्त्यावर आणण्यासाठी लिलावातून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्याची किंमत आपल्याकडच्या गाडीपेक्षाही जास्त असू शकते.

ऑस्ट्रेलिया: इथे दार उघडं आहे, पण अटींसह. गाडी परदेशात किमान १२ महिने सलग तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते. आयातीची मंजुरी गाडी जहाजावर चढवण्याआधी घ्यावी लागते. शिवाय तिथली जैवसुरक्षा तपासणी अतिशय कडक आहे. चाकांच्या कमानीत अडकलेली काळी माती, डिकीत राहिलेले तुरीचे दाणे, सरकी किंवा कापसाचं बोंड सापडलं, तर गाडी तुमच्या खर्चाने पुन्हा साफ करावी लागते. शेतात जाणारी गाडी असेल तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

ब्रिटन: त्यातल्या त्यात सोयीचा देश. तुम्ही किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिला असाल आणि गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची व वापरात असेल, तर 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' सवलतीत कर माफ होऊ शकतो. मात्र सवलत घेतल्यावर १२ महिने गाडी विकता येत नाही. दहा वर्षांपेक्षा नवी गाडी असेल, तर तिथल्या मानकांची तपासणी पार करावी लागते.

जर्मनी: युरोपीय संघात राहायला जाणाऱ्यांसाठी ब्रिटनसारखीच करसवलत आहे. पण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे हेडलाइटचा झोत बदलण्यापासून प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र तपासणीपर्यंत सगळं करावं लागतं.

यवतमाळहून गाडी जहाजापर्यंत जाते कशी?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे खर्चाचं मीटर घरापासूनच सुरू होतं. मुंबई साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे आहे. गाडी चालवत न्या, कार कॅरिअरवर चढवा, किंवा नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेने न्हावा शेवाच्या जेएनपीए बंदरात पाठवा.

पुढे दोन पद्धती आहेत. पहिलीत गाडी कंटेनरमध्ये बांधून पाठवतात. २० फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण ५.९ मीटर असते, म्हणजे चार मीटरच्या आतली कार आरामात बसते. दुसरी 'रोरो' पद्धत. यात गाडी चालवतच जहाजात नेतात आणि तिकडे चालवतच उतरवतात. ही पद्धत सहसा स्वस्त पडते, पण गाडीत घरचं सामान भरता येत नाही आणि तुमच्या देशासाठी तशी जहाजसेवा उपलब्ध असावी लागते.

कागदपत्रांत आरसी, विमा, पासपोर्ट, व्हिसा, गाडीच्या किमतीचा पुरावा आणि कस्टम्सचं शिपिंग बिल लागतं. हे काम कस्टम्स ब्रोकर करतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो. गाडी कायमची देशाबाहेर गेली, तर तिची इथली नोंदणी रद्द करण्याची तरतूद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे.

परवडतं का? एक साधा हिशेब

समजा, तुमच्या गाडीची किंमत ६ लाख रुपये आहे आणि जहाजभाडं व विमा मिळून २ लाख होतात. (हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून.) तुम्ही ब्रिटनला जाताय, पण करसवलतीच्या अटीत बसत नाही. ८ लाखांवर १० टक्के सीमाशुल्क म्हणजे ८० हजार. मग ८ लाख ८० हजारांवर २० टक्के व्हॅट म्हणजे १ लाख ७६ हजार. ६ लाखांची गाडी १० लाख ५६ हजारांना पडली. तपासणी, बदल, नोंदणी आणि बंदरातले खर्च अजून वेगळेच.

आता एकच प्रश्न विचारा: तेवढ्या पैशांत तिथे चांगली वापरलेली गाडी मिळते का? ब्रिटन-ऑस्ट्रेलियात सेकंडहँड गाड्यांचा बाजार मोठा आहे, त्यामुळे बहुतेकदा मिळते. शिवाय नेलेली गाडी तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलशी तंतोतंत जुळत नसेल, तर सुटे भाग आणि विमा या दोन्हींची अडचण होते.

आणि दोन-तीन वर्षांत परत यायचं असेल तर? कस्टम्स कायदा, १९६२ च्या व्याख्येत मोटार वाहन 'बॅगेज'मध्ये धरलंच जात नाही. म्हणजे घरसामानावरची सवलत गाडीला मिळत नाही. परदेशातून वापरलेली कार भारतात आणताना अनेक वर्षं नुसतं मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात दरांची रचना बदलली, तरी आयात महागच आहे.

गाडी घरीच ठेवली तर?

घरी आई-बाबा असतील, नागपूरला दवाखान्यात जायला गाडी लागत असेल, तर ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण गाडी तुमच्या नावावरच ठेवून भावाच्या हाती किल्ली दिली, तर तीन गोष्टी अडतात.

एक, ई-चलान आणि ओटीपी तुमच्या भारतीय मोबाइल नंबरवर येतात. तो नंबर बंद पडला की सगळंच अडतं.

दोन, पॉलिसीसोबत 'मालक-चालक' म्हणून घेतलेलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला मिळतं. तुम्ही टोरांटोत आणि गाडी चालवणारा भाऊ दारव्हा रोडवर असेल, तर त्याला ते लागू होत नाही.

तीन, अपघात झाला तर दाव्यात मालक म्हणून नाव तुमचंच येतं.

म्हणून गाडी घरात ठेवायची असेल, तर ती जो वापरणार आहे त्याच्या नावावर करा. फॉर्म २९ आणि ३० भरून हे काम होतं. विमाही त्याच्या नावावर करायला विसरू नका.

विकताना सगळ्यात मोठा धोका कोणता?

ओळखीत गाडी विकली, पैसे घेतले, किल्ली दिली आणि 'नावावर नंतर करून घेईन' यावर विश्वास ठेवला, तर तो सगळ्यात मोठा धोका.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांत फिरली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला आणि गाडीचा विमा नव्हता. न्यायालय म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची.

तुम्ही मेलबर्नमध्ये असताना यवतमाळच्या न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली, तर धावपळ आई-बाबांनाच करावी लागेल.

डीलरला विकत असाल, तर त्याच्याकडे परिवहन विभागाचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी मधून पोर्टलवर होते. ती झाली की गाडीची जबाबदारी डीलरवर जाते.

निघण्याआधीची चेकलिस्ट

* तीन महिने आधी: जाणार त्या देशाचे आयात नियम तिथल्या सरकारी वेबसाइटवर वाचा. कर्ज फेडून बोजा उतरवा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल, तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का ते बघा.
* दीड महिना आधी: ग्राहक ठरवा, थकलेली चलानं भरा, हस्तांतरणाचा अर्ज करा.
* विमा कंपनीकडून: नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. परत येऊन तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली, तर तो वापरता येतो. काही परदेशी कंपन्याही असं पत्र विचारात घेतात.
* आरटीओतून: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो.
* शेवटच्या आठवड्यात: फास्टॅग बंद करा आणि परिवहनच्या पोर्टलवर जाऊन नवीन मालकाचं नाव लागलंय का, ते स्वतः तपासा.

शेवटचं काम झालं नसेल, तर गाडी अजून तुमचीच आहे, पैसे खात्यात जमा झाले असले तरी.