पाच बारांची बंदूक

शस्त्र निवडताना माणूस त्याच्या शक्तीचा विचार आधी करतो. त्या शक्तीला मर्यादा कोठे असावी, हा प्रश्न त्याला बहुधा मागाहून सुचतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत लोकप्रिय झालेल्या अर्धस्वयंचलित बंदुकीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शिकाऱ्याची दुनळी बंदूक दोन बार काढले की रिकामी होई. अधिक काडतुसे मावणाऱ्या बंदुका होत्या. परंतु त्यांत प्रत्येक बारानंतर हाताने खटपट करावी लागे. दलदलीत गारठलेल्या बोटांनी ती होईपर्यंत बदकांचा थवा टप्प्याबाहेर जाई. युटा राज्यातील ऑग्डेन येथील बंदूककार जॉन ब्राउनिंग याने बाराचा धक्काच कामाला जुंपला. चाप ओढताच नळी आणि तिच्यामागील बोल्ट एकत्र मागे सरकत. मग नळी आधी पुढे येई, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई आणि पाठोपाठ बोल्ट नवे काडतूस आत लोटी. माळावरच्या पक्ष्यांसाठी हलकी आणि बदकांसाठी भारी अशी दोन्ही काडतुसे चालावीत, म्हणून आतील कड्यांची जागा बदलण्याची सोयही त्याने ठेवली. एकूण पाच बार भरता येत. १९०० साली त्याला या रचनेचे पेटंट मिळाले.

विंचेस्टर कंपनी १८८३ पासून त्याच्या रचना एकरकमी विकत घेत असे. या वेळी मात्र त्याने प्रत्येक बंदुकीमागे मोबदला मागितला आणि कंपनीने नकार दिला. मग तो रेमिंग्टन कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्याकडे गेला. पण ८ जानेवारी १९०२ रोजी, तो भेटीसाठी थांबला असतानाच, हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर बेल्जममधील हर्स्टाल येथील कारखान्याने ती बंदूक बनविण्याचे पत्करले. पुढे १९०५ पासून रेमिंग्टननेही ती अमेरिकेत बनविली.

इकडे पक्ष्यांची स्थिती बिघडत चालली होती. बाजारासाठी चाललेल्या कत्तलीला १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने आळा घातला. तथापि पाणथळींचा निचरा करून शेती वाढतच राहिली. १९३० नंतरच्या अवर्षणात उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील तळी आटली आणि बदकांची वीण खुंटली. हा दोष केवळ बंदुकीचा नव्हता. परंतु बंदुकीवर नियम घालणे सरकारच्या हाती होते. १९३५ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे असू नयेत, असा नियम झाला. पाच बारांच्या बंदुकीच्या साठ्यात लाकडाचा एक तुकडा बसवून तिची शक्ती कमी करण्यात आली. त्याआधीच, १९३४ पासून, बदकांच्या शिकाऱ्याला दरसाल एक तिकीट विकत घ्यावे लागू लागले. त्या पैशातून पाणथळी राखल्या जाऊ लागल्या.

पुढे नव्या रचना आल्या. दारूच्या वायूवर चालणारी बंदूक खांद्याला सौम्य लागते, म्हणून भारी काडतुसे उडविणारा बदकांचा शिकारी तिला पसंती देतो. जडत्वावर चालणारी बंदूक सहसा हलकी असून तिच्या यंत्रात काजळी कमी साचते. दिवसभर शेते तुडविणाऱ्याला ती सोयीची वाटते. मात्र ही निवडही पक्ष्यांपासून अलिप्त राहिली नाही. चिखलात पडलेले शिशाचे छर्रे खड्यांबरोबर गिळून बदके विषबाधेने मरत. त्यामुळे १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला बंदी झाली. त्याच्या जागी आलेले पोलादी छर्रे कठीण असल्याने ब्राउनिंगच्या बंदुकीच्या जुन्या बेल्जियन नळ्यांना ते मानवत नाहीत.

सारांश, बंदूक घेणारा आज वजन, धक्का आणि नळी पाहतो. पण तीन काडतुसे आणि बिनविषारी छर्रे या दोन गोष्टी त्याच्यासाठी आधीच ठरलेल्या असतात. त्या ठरविल्या गेल्या, त्या बदकांचे थवे पुढच्या वर्षीही परत यावेत म्हणून.