व्हिक्टोरियातील अत्यावश्यक सेवा आयोग : नियामकाच्या स्वायत्ततेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

वीज, नळाचे पाणी आणि नगरपरिषदेचा कर या बाबतींत सामान्य नागरिकास बाजारात घासाघीस करण्याची संधी फारशी नसते. जे देयक येते ते भरावे लागते. अशा सेवांच्या दरावर सरकारहून वेगळ्या, स्वायत्त संस्थेने देखरेख ठेवावी, ही कल्पना गेल्या तीन-चार दशकांत अनेक देशांत रुजली. महाराष्ट्रात विजेसाठी विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला, तर पाण्यासाठी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने मात्र वीज, वायू, पाणी आणि कालांतराने स्थानिक परिषदांचा मालमत्ता कर हे विषय एकाच आयोगाच्या कक्षेत आणले. प्रस्तुत निबंधात या आयोगाचा विचार एका प्रश्नापुरता केला आहे. शासनाने आयोगाकडे नेमके काय सोपविले आणि स्वतःच्या हाती काय राखून ठेवले?

पार्श्वभूमी :

व्हिक्टोरियात १९२१ पासून वीज प्रामुख्याने राज्य विद्युत आयोगाकडे होती. पहिल्या महायुद्धातील सेनानी सर जॉन मोनॅश यांच्या अध्यक्षतेखाली यॅलोर्न येथील तपकिरी कोळशावर ही व्यवस्था उभी राहिली. नावात ‘आयोग’ असला तरी ही संस्था नियामक नव्हती. वीज निर्माण करणारी आणि विकणारी संस्था एकच, आणि तिच्यावर पहारा ठेवणारे वेगळे कोणी नाही, अशी ती स्थिती होती.

१९९२ मध्ये जेफ केनेट यांचे सरकार आले. राज्यावर मोठे कर्ज होते. विद्युत आयोगाचे विभाजन झाले व १९९५ मध्ये पाच वितरण कंपन्या खासगी गुंतवणूकदारांना विकण्यात आल्या. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, महानियामक कार्यालयाचा कायदा संमत झाला होता. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नियामकाचा जन्म केवळ ग्राहकाच्या कळवळ्यातून झाला नाही. उद्या एखादा मंत्री लहरीनुसार दर बदलणार नाही, ही हमी खरेदीदारांनाही हवी होती. १९९९ मध्ये स्टीव्ह ब्रॅक्स यांचा मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर २००१ चा कायदा झाला आणि १ जानेवारी २००२ पासून महानियामकाच्या जागी अत्यावश्यक सेवा आयोग कार्य करू लागला. ग्राहकांचे दीर्घकालीन हित हे त्याचे उद्दिष्ट ठरले.

विजेचा दर :

२००९ च्या आरंभी व्हिक्टोरियाने विजेच्या किरकोळ दरावरील नियंत्रण उठविले. स्पर्धा दर खाली ठेवील, अशी अपेक्षा होती. त्याच सुमारास वितरण जाळ्याच्या दरनिश्चितीचे काम राष्ट्रीय ऊर्जा नियामकाकडे गेले. राज्याच्या आयोगाकडे उरले ते विक्रेत्यांचे परवाने, आचारसंहिता आणि तक्रारयोग्य वर्तनावर नजर. ग्राहकाची वीज चुकीने तोडल्यास विक्रेत्याने त्याला दर दिवसामागे ठरावीक भरपाई द्यावी, ही तरतूद याच कक्षेतील. २०१६ पासून ही रक्कम दिवसाला ५०० डॉलर झाली.

सवलतींच्या जाहिराती वाढल्या, परंतु मूळ दर कशावर मोजायचा हेच ग्राहकाला कळेना. माजी उपमुख्यमंत्री जॉन थ्वेट्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये नियमित दराची शिफारस केली आणि १ जुलै २०१९ पासून ‘व्हिक्टोरियन डिफॉल्ट ऑफर’ लागू झाली. घाऊक वीज, जाळे, पर्यावरणविषयक दायित्वे व विक्रेत्याचा खर्च यांच्या बेरजेवर हा दर ठरतो. ग्राहक मिळविण्यासाठी केलेला खर्च त्यात माफक प्रमाणातच धरला जातो. दहा वर्षांपूर्वी काढून घेतलेले काम आयोगाकडे परत आले, ते पुन्हा शासनाच्याच निर्णयाने.

पाणी :

पाण्याच्या कंपन्या मात्र सरकारी मालकीच्याच राहिल्या, आणि २००४ पासून त्यांचे दर आयोगापुढे येऊ लागले. सरकारी कंपनीवर सरकारनेच नेमलेला पहारेकरी, हे ऐकण्यास विचित्र वाटते. तरीही कंपनीला आपला आराखडा जाहीरपणे मांडावा लागतो आणि २०१८ च्या दरफेरीपासून त्या आराखड्याच्या दर्जानुसार परतावा कमी-अधिक होतो, ही सुधारणा नगण्य नाही.

मर्यादा दिसते ती वॉन्थॅगी येथे. दीर्घ अवर्षणाच्या काळात समुद्राचे पाणी गोडे करणारा, वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प शासनाने ठरविला. २००९ मध्ये करार झाला, २०१२ च्या अखेरीस काम पूर्ण झाले. दरम्यान २०१० मध्ये पाऊस परतला होता. नागरिकांसाठी पहिले मागविलेले पाणी २०१७ मध्ये आले. परंतु पाणी घेतले नाही तरी करारानुसार रक्कम देणे भागच होते, आणि ती दरातूनच वसूल होणार होती. प्रकल्प हवा की नको, हा प्रश्न आयोगापुढे कधी आलाच नाही. मोठा खर्च मंत्रिमंडळाने ठरविल्यावर नियामक उरलेल्या हिशेबाचा लेखनिक ठरतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परिषदांचा कर :

केनेट यांच्या काळात २१० परिषदांचे विलीनीकरण होऊन ७८ उरल्या होत्या. आज त्या ७९ आहेत. २०१६-१७ पासून त्यांच्या करवाढीवर वार्षिक मर्यादा आली. येथे आयोग केवळ सल्ला देतो. आकडा मंत्री ठरवितात. आयोगाने सुचविलेल्या सूत्रात ग्राहक किंमतींबरोबर वेतनवाढीलाही स्थान होते, कारण परिषदेचा खर्च हा बव्हंशी माणसांचा आणि रस्त्यांचा असतो. शासनाने पहिली मर्यादा २.५ टक्के ठरविली ती ग्राहक किंमतींच्या आधारे. २०२३-२४ साठी तर महागाईचा अंदाज ४ टक्के असताना मर्यादा ३.५ टक्के होती. अधिक वाढ हवी असल्यास परिषदेने आयोगाकडे अर्ज करावा, लोकांचे मत घेतल्याचा आणि खर्च आटोक्यात ठेवल्याचा पुरावा द्यावा, अशी वाट ठेवली आहे. लांबच लांब रस्ते, थोडे करदाते आणि मोजके कर्मचारी असलेल्या ग्रामीण परिषदेला तो अर्ज तयार करणे हाच एक खर्च असतो.