सहा फुटांचे गिऱ्हाईक

साथ आली की बाजाराचे रूप बदलते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि निम्मी मुंबई गावाकडे पळाली. मग सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. त्याने दाट वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले. उंदराने केलेली नगररचनाच म्हणा ना!

आमच्या गोंदियाला ट्रस्ट लागला नाही. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी आली आणि एकही भिंत न पाडता गोरेलाल चौक रुंद झाला. गिऱ्हाईक खडूच्या चौकोनात उभे! आता घासाघीस ही मुळात कुजबुजत करायची कला. सहा फुटांवरून भाव पाडायचा म्हणजे सगळ्या रांगेला आपली ऐपत कळायची. माणसे मुकाट्याने सांगेल तो भाव देऊ लागली. नोटेला हात लावायची धास्ती, म्हणून २०१६ पासून असलेले यूपीआय भाजीच्या टोपलीपर्यंत पोचले. सुट्ट्यांऐवजी मिळणारी गोळीही गेली.

पुढे दुकानच फोनमध्ये आले. पण रोजी बुडालेल्या घरांना तेव्हा तांदूळ-डाळ दिली ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने, वहीत नाव टिपून. तारण नाही, व्याज नाही, जामीन नाही! आमच्या बँकेत असे कर्ज मागणाऱ्याला आधी पाणी पाजतात.

ती वही पुढच्या साथीतही लागेल. म्हणून चहापत्ती मी तिथूनच घेतो. दोन रुपये जास्त पडतात. विम्याचा हप्ता समजायचा.